पाचामुखी परमेश्वर, पण पाचही जण बोलले का?

महाविद्यालयांचे नवे वर्ष सुरू झाले, की पुण्यातील अनेक घरांत नवे बेत ऐकू येऊ लागतात. ‘आजी, आमच्या कॉलेजात आम्ही पालापाचोळ्याचे खत करणार आहोत’, ‘आजोबा, कँटीनमधले कागदी कप बंद करायचे आम्ही ठरवले आहे’, असे नात किंवा नातू सांगू लागतो. आपल्याला हे ऐकून बरे वाटते, आणि आपलेही दिवस आठवतात. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी देशातील ३७ विद्यापीठांत सुरू झाली. आज सत्तरी ओलांडलेल्या आपल्यापैकी अनेकांनी तिच्या पहिल्यावहिल्या शिबिरांत चर खणले असतील, रस्ते केले असतील.

आरोग्याला वाहिलेल्या पाक्षिकात हा विषय कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येईल. त्याची कारणे दोन. पहिले, या मुलांच्या कचऱ्याच्या प्रकल्पाचा आपल्या घरातील आजारपणाशी वाटतो त्याहून जवळचा संबंध आहे. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. दहा-वीस जणांनी मिळून न्याय्य निर्णय कसा घ्यावा, हे ही मुले अशा प्रकल्पांतून शिकत असतात, आणि नेमकी हीच विद्या आपल्या घरांत, वडीलधाऱ्यांच्या बाबतीत निर्णय घेताना, फार कमी वापरली जाते.

कर्वे रस्त्यावरचा एक धडा

या विषयाचे एक उत्तम उदाहरण आपल्याच शहरात घडले आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाचे, म्हणजे आजच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे, पुण्याचे आवार कर्वे रस्त्यावर आहे. १९९०च्या सुमारास तेथील प्रौढ व निरंतर शिक्षण विभागात लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने काम करीत होत्या. कचरा वेचणाऱ्या महिलांना साक्षर करावे, या हेतूने काम सुरू झाले. हेतू उदात्त होता, योजना तयार होती. पण ज्यांच्यासाठी ती आखली होती त्या महिलांची पहिली गरज पाटी-पेन्सिलीची नव्हती. त्या उकिरड्यात हात घालून कागद, काच, पत्रा शोधत. तो माल घरोघरीच वेगळा ठेवून आपल्या हाती दिला, तर घाणीत हात घालावा लागणार नाही, जखमा कमी होतील आणि चार पैसे जास्त मिळतील, असे त्यांचे म्हणणे होते.

शिक्षणाची योजना घेऊन गेलेल्या मंडळींनी हे ऐकले आणि कामाची दिशा बदलली. कोरेगाव पार्क भागातील घरांतून सुका माल वेगळा घेण्याचा प्रयोग सुरू झाला. विद्यापीठाने काही महिलांना ओळखपत्रे दिली, आणि विद्यार्थिनीही त्यांच्याबरोबर दारोदारी गेल्या. पुढे एका उद्योजकाने त्याच भागात मोटारीतून कचरा उचलण्याची सेवा देऊ केली, तेव्हा या महिलांच्या पोटावर पाय येण्याची वेळ आली. एकट्यादुकट्याने हा प्रश्न सुटणारा नव्हता. १९९३ साली आठशेहून अधिक कचरावेचकांचा मेळावा भरला. हमाल पंचायतीचे नेते आणि स्वतः वैद्यकीय व्यवसायातून सार्वजनिक कार्यात उतरलेले डॉ. बाबा आढाव यांचे नेतृत्व त्याला लाभले, आणि ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना जन्माला आली. पुढे पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांनी या कष्टकऱ्यांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. २००८ साली कचरावेचकांच्या मालकीची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आणि पुणे महापालिका यांच्यात करार झाला. सकाळी आपल्या दाराशी येऊन ओला-सुका कचरा वेगवेगळा नेणारी ‘स्वच्छ’ची ताई या साऱ्या प्रवासाची वारस आहे.

या कहाणीतील मोलाची गोष्ट मला अशी वाटते, की योजना आखणाऱ्यांनी योजनेचे ओझे ज्यांच्या शिरावर पडणार होते त्यांना आधी विचारले, आणि उत्तर मनासारखे नव्हते तरी ते मानले.

बैठकीत कोण नाही?

आता आपल्या नातवंडांच्या प्रकल्पाकडे वळू. कागदी कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, त्यामुळे तो साध्या कागदाप्रमाणे सहज पुन्हा वापरात आणता येत नाही. म्हणून कँटीनमध्ये स्टीलचे पेले आणायचे, असे वीस विद्यार्थ्यांच्या बैठकीत बहुमताने ठरते. ठराव चांगलाच आहे. पण मधल्या सुट्टीत जमणारे ते तीनशे पेले धुणार कोण? कँटीनच्या मोरीवर उभी राहणारी बाई त्या बैठकीत होती का? तिच्या मदतीला आणखी एक माणूस, गरम पाणी, हातमोजे यांची तरतूद झाली का? खताच्या खड्ड्याचे ठरवताना माळीबुवांना कोणी विचारले का? तसे झाले नाही, तर उत्साहाने सुरू झालेला उपक्रम दिवाळीच्या सुट्टीनंतर बंद पडतो, आणि मुले म्हणतात, ‘लोक सहकार्य करत नाहीत.’

आपली भाषा पाचांच्या मुखी परमेश्वर मानते. मात्र पाचांपैकी दोघे मोठ्याने बोलले, दोघांनी माना डोलावल्या आणि एकाला बोलावलेच नाही, तर तो पाचांचा निर्णय होत नाही. तरुणांच्या बैठकीत हे सहज घडते. वरच्या वर्गातील, इंग्रजी सफाईने बोलणारा किंवा जिच्या ओळखीने वर्गणी मिळाली आहे ती विद्यार्थिनी प्रथम बोलते. बाकीचे त्याच दिशेने जातात. वसतिगृहातली, नुकतीच गावाकडून आलेली मुले गप्प राहतात.

यावर काही साधे, पारखलेले उपाय आहेत. १९७१च्या सुमारास आन्द्रे डेलबेक आणि अँड्र्यू व्हॅन डी व्हेन या अभ्यासकांनी गटचर्चेची एक पद्धत मांडली. तिच्यात आरंभी कोणीही बोलायचे नसते. प्रत्येकाने आपले विचार मुकाट्याने कागदावर लिहायचे. मग क्रमाने प्रत्येकाने एकेकच मुद्दा सांगायचा. तो फळ्यावर लिहिला जातो, त्यावर लगेच टीका करायची नाही. सर्व मुद्दे आले, की खुलासे होतात आणि शेवटी प्रत्येकजण गुप्तपणे पसंतीक्रम देतो. या पद्धतीत मोठ्या आवाजाला जास्त वजन राहत नाही.

दुसरे उदाहरण आपल्या गडचिरोली जिल्ह्यातले आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे गाव ग्रामसभेतील निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने घेते. एखाद्याचा विरोध असेल, तर विषय पुढच्या सभेवर जातो. मधल्या काळात अभ्यासगटात त्यावर चर्चा होते. हा मार्ग संथ आहे. पण याच गावाने २००९ साली वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क मिळवला, आणि असा हक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांत त्याची गणना होते. प्रत्येक लहान बाबीत सर्वसहमती शक्य नसते, हे खरे. कँटीनचे पेले कोणत्या रंगाचे असावेत, हे हात वर करून ठरवता येईल. पण ज्या निर्णयाने कोणाच्या तरी अंगावर रोजचा भार पडणार आहे, त्या माणसाचा नकार मतमोजणीत बुडवू नये, एवढे तरी पाळता येते.

आपल्या घराची पिशवी

बैठकीत नसलेला माणूस आपल्याही घरात असतो. वृद्ध आणि रुग्ण असलेल्या घरातून निघणारा कचरा इतर घरांहून वेगळा असतो, आणि तो ज्याच्या हाती जातो त्याच्या जिवाशी त्याचा संबंध असतो. त्यामुळे पुढील चार गोष्टी आपण आणि आपली काळजी घेणाऱ्यांनी आवर्जून पाळाव्यात.

पहिली गोष्ट सुयांची. इन्शुलिनची सुई, ग्लुकोमीटरसाठी बोट टोचण्याचे लॅन्सेट, सिरिंज हे कधीही सुट्या पिशवीत टाकू नये. जाड प्लास्टिकची, घट्ट झाकणाची बाटली त्यासाठी राखून ठेवावी. वापरलेली सुई न वाकवता, न मोडता सरळ तीत टाकावी. बाटली पाऊण भरली, की झाकण चिकटपट्टीने बंद करून वर ‘सुया’ असे ठळक लिहावे आणि ती स्वतंत्र द्यावी. आपले रुग्णालय किंवा तपासणी केंद्र ती स्वीकारते का, हेही विचारावे. हिपॅटायटिस बीची लस न घेतलेल्या माणसाला त्या आजाराच्या रुग्णाचे ताजे रक्त असलेली सुई टोचली, तर संसर्ग होण्याची शक्यता शंभरात ६ ते ३० इतकी असू शकते. ज्या बाईने आपला कचरा हाताने वेगळा करायचा आहे, तिच्यावर हा धोका आपण का लादावा?

दुसरी गोष्ट डायपरची. मोठ्या माणसांच्या डायपरमधील मळ शक्यतो शौचकूपात टाकून डायपर घट्ट गुंडाळावा, वर्तमानपत्रात बांधावा आणि त्यावर लाल खूण करावी. ‘स्वच्छ’ने पुण्यात चालवलेल्या लाल ठिपक्याच्या मोहिमेचा उद्देश हाच होता, की पुडी न उघडता आत काय आहे ते कळावे. लघवीची पिशवी रिकामी करूनच टाकावी, आणि या साऱ्यानंतर हात साबणाने धुवावेत.

तिसरी गोष्ट जुन्या औषधांची. २०१६च्या घनकचरा नियमांनी मुदत संपलेली औषधे, तुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर, वापरलेल्या बॅटऱ्या, सुया ही सारी घरगुती घातक कचऱ्यात मोजली आणि तो वेगळा देण्यास सांगितले. उरलेली प्रतिजैविके बेसिनमध्ये ओतू नयेत. पाण्यातील जंतू त्यांना सरावतात. शेजाऱ्यांनाही देऊ नयेत. सहा महिन्यांतून एकदा औषधांचा डबा उपसावा, म्हणजे कालबाह्य गोळी चुकून पोटात जाण्याचाही धोका टळतो.

चौथी गोष्ट नातवंडांच्या उत्साहातून घरी येणाऱ्या कुंड्यांची आणि खताच्या डब्याची. कुंडीखालच्या ताटलीत साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो, आणि आठ-दहा दिवसांत नवा डास तयार होतो; म्हणून ताटल्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करून घासाव्यात. खतातील कोरडी धूळ दमेकऱ्यांना आणि स्टिरॉइडसारखी औषधे घेणाऱ्यांना बाधू शकते. अशांनी खत ढवळण्याचे काम दुसऱ्याकडे द्यावे, किंवा मास्क आणि हातमोजे घालून, खत किंचित ओले करून मोकळ्या हवेत करावे. बाकीच्यांनी हे काम जरूर करावे. रोज थोडे उठबस, थोडे ऊन आणि कोणीतरी आपली वाट पाहत आहे ही जाणीव, या तिन्हींची उतारवयात गरज असते.

आपल्याविषयीची बैठक

आता मी मूळ मुद्द्याकडे येतो. आईने आता कोणाकडे राहायचे, बाबांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया करायची का, तिसऱ्या मजल्यावरचे घर सोडून तळमजल्यावर जायचे का, ब्यूरोतून मावशी ठेवायच्या का, असे प्रश्न प्रत्येक घरात कधी ना कधी येतात. मुले पुण्यात, बंगळुरूत, अमेरिकेत. रात्री फोनवर बोलणे होते आणि निर्णय होतो. ज्यांच्याविषयी तो असतो ते आतल्या खोलीत झोपलेले असतात. दवाखान्यात मला नेहमी दिसते, की वृद्ध रुग्ण समोर बसलेला असतो आणि त्याच्याविषयीचे प्रत्येक उत्तर शेजारी बसलेला मुलगा किंवा सून देते. त्यामागे प्रेमच असते. पण हळूहळू तो रुग्ण बोलणेच सोडून देतो. मग गोळ्या उशीखाली सापडतात, वॉकर कोपऱ्यात पडून राहतो, आणि घरचे म्हणतात, ‘ते सहकार्य करत नाहीत.’ कँटीनच्या पेल्यांविषयी मुलांनी काढलेले उद्गार आठवा.

कायदाही या बाबतीत स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली एका निकालात सांगितले, की सज्ञान आणि निर्णयक्षम रुग्णाच्या शस्त्रक्रियेला त्याची स्वतःची संमती लागते. आईने दिलेली संमती तिच्या प्रौढ मुलीच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही. वय ऐंशी झाले म्हणून हा अधिकार संपत नाही.

मग घरातली बैठक कशी घ्यावी? विद्यार्थ्यांच्याच रीतीने घ्यावी.

विषय दोन दिवस आधी सांगावा. वयानुसार विचाराचा वेग थोडा मंदावतो, विचाराची खोली त्याने कमी होत नाही. अचानक विचारलेल्या प्रश्नाला वृद्ध माणूस बहुधा ‘तुम्ही ठरवा’ असे म्हणतो. तो होकार समजू नये.

वेळ सकाळची, नाश्त्यानंतरची निवडावी. दूरदर्शन बंद, श्रवणयंत्र कानात, त्याची बॅटरी चालू, बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर उजेड आणि एका वेळी एकानेच बोलणे, एवढे केले तरी कमी ऐकू येणारे आजोबा चर्चेत परततात. ताप, संसर्ग किंवा नुकत्याच झालेल्या शस्त्रक्रियेमुळे रुग्ण गोंधळलेला असेल, तर तातडीचे नसलेले निर्णय काही दिवस पुढे ढकलावेत. हा गोंधळ अनेकदा उपचाराने ओसरतो.

ज्याचा प्रश्न, त्याने प्रथम बोलावे. मुलगा आधी बोलला, तर आई त्याच्या मनाविरुद्ध बोलण्याची शक्यता कमी होते. स्मरणशक्ती कमी झालेल्या व्यक्तीलाही विचारावे. तिच्यापुढे दहा पर्याय न ठेवता दोनच ठेवावेत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावे. दोन्ही दिवशी उत्तर एकच आले, तर ते तिचे मत आहे असे समजून त्याला वजन द्यावे. आजार सुरुवातीचा असताना माणसाला आपली आवड, भीती आणि इच्छा बऱ्याच अंशी नीट सांगता येतात.

त्यानंतर कामाचा भार कागदावर मांडावा. रात्री कोण उठते, आंघोळ कोण घालते, दवाखान्यात कोण नेते, पैसे कोण देते, हे नावानिशी लिहावे. काळजी घेणाऱ्या वाचकांना माझे विशेष सांगणे आहे. अनेक घरांत सर्वांत जास्त भार सुनेवर किंवा अविवाहित मुलीवर असतो, आणि बैठकीत तिचा आवाज सर्वांत लहान असतो. रात्रीची झोप महिनोन्‌महिने मोडली, की रक्तदाब वाढतो, चिडचिड होते, मन खचते, आणि मग एकाऐवजी दोन रुग्ण होतात. म्हणून मनातले आधीच बोलावे. जो दूर आहे त्याने सल्ल्याबरोबर काही भारही उचलावा. पैशाचा, औषधे मागवण्याचा किंवा वर्षातून काही आठवडे येऊन राहण्याचा. मावशी ठेवल्या असतील तर त्यांनाही विचारावे. आजींना उचलताना त्यांचीच पाठ धरते.

शेवटी मुदत ठरवावी. ‘तीन महिने असे करून पाहू, मग पुन्हा बसू’, असे म्हटले की निर्णयाची भीती निम्मी होते. ठरलेले चार ओळींत लिहून सर्वांना पाठवावे. आणि सहमती झालीच नाही तर? जेथे आपल्या शरीराचा आणि आपल्या घराचा प्रश्न आहे, तेथे निर्णयक्षम वडीलधाऱ्या व्यक्तीचा शब्द अखेरचा. जेथे दुसऱ्याच्या श्रमाचा प्रश्न आहे, तेथे त्या दुसऱ्याचा. ‘मी वृद्धाश्रमात जाणार नाही’ हे म्हणण्याचा अधिकार आपला. ‘सुनेने नोकरी सोडून घरी बसावे’ हे ठरवण्याचा अधिकार मात्र आपला नाही. ही सीमारेषा दोन्ही बाजूंनी पाळली, तर बहुतेक भांडणे टळतात.

येत्या रविवारी नातवंड आपल्या प्रकल्पाविषयी सांगू लागले, तर त्याला तीन प्रश्न विचारा. हे काम रोज कोणाला करावे लागणार? त्याला विचारले का? तो ‘नाही’ म्हणाला असता, तर तुम्ही काय केले असते? मुले या प्रश्नांवर थोडी अडखळतील, मग विचार करतील. आणि ती विचार करीत असताना, आपल्याविषयीचा जो निर्णय घरात बरेच दिवस रेंगाळला आहे, त्याच्याही बैठकीचा दिवस ठरवून टाका. पहिले बोलणे आपले असू द्या.